चिंध्यांवर लिहिलेला इतिहास

मंडळी, दिवाळीची साफसफाई डोंबिवलीत असो की फुजैरात, तिचा शेवट ठरलेला असतो. कपाटं रिकामी होतात, जुन्या कपड्यांचा डोंगर होतो आणि घरातलं कुणीतरी विचारतं, "याचं आता काय करायचं?" इथे रस्त्याच्या कडेला कपड्यांसाठी मोठ्या पेट्या ठेवलेल्या असतात. पिशवी आत सरकवली की आपण मोकळे. आपल्या आज्यांना मात्र हा प्रश्न कधी पडलाच नाही. लुगडं विरलं की मधला भाग कापून दंड घालायचा, ते आणखी विरलं की त्याचं जुनेर व्हायचं, जुनेराची दुपटी आणि बाळुती, आणि शेवटी उरेल ते सगळं गोधडीत. शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून आपण जे कार्यानुभवाच्या तासाला शिकलो, ते त्या जन्मभर करत होत्या.

पण आज मला घरगुती काटकसरीबद्दल लिहायचं नाही. गेली काही वर्षं मला एका गोष्टीचा नाद लागला आहे. युद्धात, फाळणीत, तुरुंगात, जिथे माणसाचं सगळं हिरावून घेतलं जातं तिथे बायकांनी चिंध्यांचं काय केलं, हे शोधायचा. मिळेल ते वाचत गेले, माणसांशी बोलत गेले आणि लक्षात आलं की इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनी आपला इतिहास सुईदोऱ्याने लिहून ठेवला आहे. त्यातल्या तीन-चार कहाण्या तुम्हाला सांगते. एक तर अगदी आपल्या ठाणे जिल्ह्यातली आहे.

आधी आपली गोधडी

सुरुवात घरापासून करू. गोधडी, वाकळ, लेप, दुपटं... गावागणिक नाव बदलतं, रीत साधारण तीच. खाली-वर जरा धड कापड, मध्ये जुन्या लुगड्या-धोतरांचे थर, आणि सगळ्यांतून जाणारा साधा धावदोरा. कडेपासून सुरुवात करून टाके चौकोनात फिरत फिरत मध्याकडे यायचे. वर ठिगळं लावायची ती कधी त्रिकोणी, कधी चौकोनी, हाताशी असेल त्या रंगाची. नक्षी म्हणून कुणी काही वेगळं करत नसे, आणि तरी दोन गोधड्या कधी सारख्या होत नसत.

आपल्या भाषेत 'चिंधी' हा शब्द तसा हलका. 'चिंधीगिरी' म्हणजे काय ते सांगायला नको. पण याच चिंधीला आपल्याकडे मानही मोठा आहे. कृष्णाच्या बोटाला द्रौपदीने बांधलेली चिंधी आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) ठिगळाठिगळांचं वस्त्र पांघरून गावोगाव झाडू मारत हिंडले, म्हणून लोक त्यांना 'गोधडे महाराज'ही म्हणत. संन्याशाच्या गोधडीला जुना शब्द आहे 'कंथा'. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

उल्हासनगरची रल्ली

माझं माहेर डोंबिवलीचं. आई वर्षातून दोनदा तरी कटपीस घ्यायला उल्हासनगरला जायची आणि मला बरोबर न्यायची. गजानन मार्केटमधल्या गर्दीत एका दुकानाच्या मागच्या बाजूला एक सिंधी आजी बसलेल्या असत. त्यांच्या बाकावर एक पांघरूण घडी करून ठेवलेलं असायचं. लाल, काळे, पिवळे तुकडे, भौमितिक नक्षी, आणि वर ओळीने बारीक टाके. आई म्हणाली, "अगंबाई, ही तर आपली गोधडीच!" आजी हसल्या आणि म्हणाल्या, "रल्ली." माझ्यासाठी तो शब्द तेव्हा नवा होता.

सिंधी भाषेत 'रलणु' म्हणजे मिसळणं, एकत्र होणं. त्यावरून रल्ली. जुने कपडे, ओढण्या, अजरखचे तुकडे असं मिसळून केलेलं पांघरूण. सिंधमध्ये मुलीच्या लग्नात रल्ल्या द्यायची पद्धत, आणि मुलगी लहान असल्यापासून त्या शिवायला घेतल्या जात. हिंदू-मुसलमान, शेतकरी-भटके, सगळ्यांच्याच घरात रल्ली असे.

१९४७ मध्ये फाळणी झाली. पंजाबसारखी सिंधची वाटणी झाली नाही, सबंध प्रांतच पाकिस्तानात गेला. सुरुवातीला बरेच सिंधी हिंदू थांबून होते. पण ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग बंदरावर रांगा लागल्या. जहाजं भरभरून माणसं मुंबईला उतरू लागली. त्यांना ठेवायचं कुठे? कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजांनी सैन्यासाठी बांधलेली बराकींची मोठी छावणी रिकामी पडली होती. तिथे ही माणसं आणली गेली. युद्धाने टाकून दिलेली छावणी आणि फाळणीने टाकून दिलेली माणसं, दोघांची अशी गाठ पडली. निर्वासितांची संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या गावाची कोनशिला बसवली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून गावाचं नाव पडलं उल्हासनगर. गावातले भाग मात्र आजही 'कॅम्प एक', 'कॅम्प दोन' असेच ओळखले जातात. छावणी नावातून गेलीच नाही.

सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकीत अनेक कुटुंबं राहायची. खोल्या नाहीत. मग मध्ये गोणपाट, चादर, जुनी साडी जे मिळेल ते टांगायचं आणि त्या पडद्याच्या अलीकडचं ते आपलं घर. त्या आजी मुलगी असताना कराचीहून आल्या होत्या. त्यांच्या आईने भांडी एका रल्लीत बांधून आणली होती. "भांडी विकली, रल्ली राहिली," एवढंच त्या म्हणाल्या. त्या वाक्यात मला आख्खी फाळणी ऐकू येते. कारण भांड्यांना बाजारात भाव होता. रल्लीला कोण काय देणार? जुन्या कपड्यांचीच ती. पण त्या कपड्यांत सोडून आलेल्या घरातली माणसं होती. कुणाची ओढणी, कुणाचा सदरा. ते गाव परत दिसणार नव्हतं, त्यामुळे त्या तुकड्यांची किंमत रोज वाढत होती.

पुढे याच उल्हासनगरने कापड, पापड, मिठाई, जीन्स असं काय काय उभं केलं ते आपण पाहिलंच. 'मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असे विनोद आम्हीही केले. विनोद करताना त्या पडद्यांच्या घरांची आठवण कुणाला नव्हती, हेही खरं.

चांगीच्या तुरुंगातले सहासष्ट चौकोन

आता थोडं लांब जाऊ, सिंगापूरला. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपानच्या हाती पडलं. आपल्याला ही तारीख ठाऊक असते ती आझाद हिंद सेनेच्या संदर्भात. पण त्याच वेळी तिथल्या युरोपीय नागरिकांनाही कैद झाली. मार्चमध्ये सुमारे चारशे बायका-मुलांना चांगीच्या तुरुंगात नेऊन कोंडण्यात आलं. सहाशे कैद्यांसाठी बांधलेल्या त्या तुरुंगात त्याच्या कितीतरी पट माणसं भरली होती. पुरुष वेगळ्या भागात, सैनिक आणखी दुसरीकडे. नवरा जिवंत आहे की नाही हे बायकोला कळायची सोय नाही. पत्र बंद, निरोप बंद.

त्या बायकांत एथेल मुलव्हेनी नावाची एक कॅनेडियन बाई होती. तिने एक युक्ती काढली. लष्करी इस्पितळातल्या जखमींसाठी आम्ही पांघरुणं करून देतो, अशी परवानगी तिने मागितली. प्रत्येकीला साधारण सहा इंचांचा कापडाचा चौकोन मिळाला. त्यावर काहीतरी 'स्वतःचं' भरायचं आणि आपलं नाव टाकायचं, एवढीच सूचना. कापड कसलं? पिठातांदळाच्या पिशव्या, फाटके झगे, चादरींचे तुकडे. दोरा जुन्या कपड्यांतून उसवून काढलेला. असे सहासष्ट चौकोन जोडून एक पांघरूण. एक ब्रिटिश जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन जखमींसाठी, आणि तिसरं चक्क जपानी जखमींसाठी! ते तिसरं पाहिल्यावर अधिकाऱ्यांना बाकीच्या दोहोंबद्दल शंका घ्यायला जागा उरली नाही. बायकी डोकं कसं चालतं बघा.

चौकोनांवर फुलं आहेत, घरं आहेत, जहाजं आहेत, तुरुंगाची कोठडीही आहे. पण खरा मजकूर म्हणजे कोपऱ्यातलं नाव. इस्पितळात पडलेल्या सैनिकाने ते नाव वाचलं की निरोप पोचला, 'ही जिवंत आहे'. तिथून तो तोंडातोंडी पुढे जायचा. पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत चाललेला हा टपाल व्यवहार होता, आणि त्याचे कागद म्हणजे चिंध्या.

त्याच तुरुंगातल्या आठ ते सोळा वर्षांच्या मुलींनी आणखी एक पांघरूण केलं. त्यांना गाइडचे धडे देणाऱ्या एलिझाबेथ एनिस यांना वाढदिवसाची भेट म्हणून, गुपचूप. कपड्यांच्या चिंध्यांचे षट्कोन कापून, जोडून त्यांची फुलं केलेली. ते आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. मोठ्या पांघरुणांपैकी ऑस्ट्रेलियन आणि जपानी अशी दोन कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत आणि ब्रिटिश पांघरूण ब्रिटनच्या रेडक्रॉसकडे. तुमच्यापैकी कुणाची मुलं ऑस्ट्रेलियात शिकत असतील तर त्यांना सांगा, कॅनबेराला गेलात तर या पांघरुणांची चौकशी जरूर करा.

एकाहत्तरनंतरचा कांथा

आता 'कंथा' पुन्हा भेटतो. बंगालात गोधडीला कांथा म्हणतात, शब्द तोच. जुन्या साड्यांचे थर घ्यायचे, साडीच्या काठातून रंगीत धागे ओढून काढायचे आणि त्याच धाग्यांनी वर भरतकाम करायचं. म्हणजे कापडही जुनं आणि दोराही जुना, विकत घ्यायचं फक्त सुईपुरतं. मधोमध कमळ, कोपऱ्यांत झाडं, मध्ये पालखी, हत्ती, मासे. याला म्हणतात नक्षी कांथा. कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ साली 'नक्षी कांथार माठ' हे काव्य लिहिलं ते याच कांथ्याभोवती.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल सुरू केली. १६ डिसेंबरला शरणागती झाली तोवर लाखो माणसं मेली होती आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. आपल्या पिढीला तो ब्लॅकआउट, खिडक्यांना लावलेले काळे कागद आणि टपालावर पडलेला निर्वासितांसाठीचा पाच पैशांचा जादा आकार आठवत असेल. आपल्यासाठी युद्ध चौदा दिवसांत संपलं. तिथल्या बायकांसाठी ते तेव्हा सुरू झालं. नवरे गेलेले, घरं जळलेली, आणि अत्याचार झालेल्या असंख्य स्त्रिया, ज्यांना शेख मुजीब यांनी 'बीरांगना' म्हणजे वीरांगना म्हटलं, पण बऱ्याच घरांनी परत घेतलं नाही. या बायकांना लिहायला-वाचायला येत नव्हतं, नोकरी कोण देणार? येत होता तो कांथा.

मग कुमुदिनी ट्रस्ट, १९७४ मध्ये सुरू झालेलं कारिका, आणि ब्रॅक संस्थेने १९७८ मध्ये काढलेलं आरोंग अशांनी हा कांथा घरातून बाजारात आणला. जमालपूर, जेसोर, राजशाही इथल्या गावांतल्या बायका टाके घालून पैसे मिळवू लागल्या. चित्रकार झैनुल अबेदिन यांनी १९७५ मध्ये सोनारगावला लोककलेचं संग्रहालय सुरू केलं. देश नवा होता, तिजोरी रिकामी होती, पण आपली ओळख म्हणून जगाला दाखवायला कांथा होता.

यात एक गोष्ट हरवली, तीही सांगायला हवी. बाजारातला कांथा नव्या कापडावर, छापील नक्षीवर करतात. पोट भरायला ते योग्यच. पण त्यात कुणाची जुनी साडी नसते. इथे फुजैरात आमच्या गल्लीत कपडे ऑल्टर करून देणारा एक बांगलादेशी शिंपी आहे. त्याच्या मशीनमागच्या खुर्चीवर एक विटका कांथा असतो. मी एकदा भाव विचारला तेव्हा तो दुखावल्यासारखा म्हणाला, "ये बेचने का नहीं है, बाजी. इसमें अब्बा की लुंगी है." त्याची आई घरात वारलेल्या माणसाचं कापड टाकत नसे, कांथ्यात घालत असे. वडील एकाहत्तरात गेले की नंतर, हे मला विचारवलं नाही.

बंदुकीच्या बदल्यात शिवणाचं मशीन

पुरुषांनी काही केलं नाही का? केलं की. पहिल्या महायुद्धात खंदकांत बसलेल्या सैनिकांनी तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांवर नक्षी कोरून फुलदाण्या केल्या. लष्करातून निवृत्त झालेल्या आपल्याकडच्या कित्येक घरांत अशी चकचकीत पुंगळी शोकेसमध्ये दिसते. पण मला सगळ्यांत आवडली ती आफ्रिकेतली गोष्ट. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ अशी सोळा वर्षं यादवी चालली. युद्ध थांबलं, पण घराघरांत आणि जमिनीखाली बंदुका राहिल्या. १९९५ मध्ये बिशप दिनीश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने एक योजना निघाली. बंदूक आणून द्या आणि बदल्यात नांगर, सायकल किंवा शिवणाचं मशीन घेऊन जा! जमा झालेल्या बंदुका तोडून कलाकारांना दिल्या गेल्या. केस्टर या कलाकाराने त्यातून २००१ मध्ये केलेली खुर्ची, 'शस्त्रांचं सिंहासन', ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या खुर्चीतली एकही बंदूक मोझांबिकमध्ये बनलेली नाही. बंदुका बाहेरून आल्या, मेले ते तिथले. त्या खुर्चीत बसावंसं कुणाला वाटणार नाही, आणि तेच तिचं काम. पण माझं मन मात्र त्या शिवणाच्या मशीनपाशी रेंगाळतं. बंदूक देऊन मशीन घरी नेणाऱ्या बाईने त्यावर पहिलं काय शिवलं असेल?

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, आपण इथे सुखात आहोत, या सगळ्याशी आपला काय संबंध? आखातात राहणाऱ्या माणसाने असं म्हणू नये. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं, आणि तिथे वीस-वीस वर्षं संसार केलेली आपली माणसं अम्मानच्या वाटेने, विमानाने मुंबईला परतली. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते ते, त्यात मराठी कुटुंबंही होती. कपाटं, गाड्या, बँकेतले पैसे सगळं मागे ठेवून हातात मावेल ते घेऊन निघालेली. आपल्या फुजैराच्या किल्ल्यानेही १९२५ मध्ये ब्रिटिश जहाजाच्या तोफा सोसल्या आहेत. आणि १२ मे २०१९ ला इथल्या समुद्रात नांगरलेल्या चार जहाजांवर घातपात झाला तेव्हा आपण सगळ्यांनी फोनवर आईवडिलांना "इकडे काही नाही, काळजी करू नका" असं सांगितलं होतं. आठवतं ना?

निघायची वेळ आली तर काय उचलायचं, हा प्रश्न आपल्या पिशवीच्या तीस किलोंतही असतोच. दर सुट्टीनंतर सासूबाईंनी दिलेली गोधडी बॅगेतून काढून तिच्या जागी लोणची-पापड भरणारी मंडळी मी पाहिली आहेत. "तिकडे एसी आहे, गोधडी कशाला?" खरं तर एसीतच तर ती लागते!

पण माझा मुद्दा गोधडी वापरा एवढाच नाही. चांगीच्या बायकांनी नाव लिहिलं म्हणून आज ऐंशी वर्षांनी संशोधक त्या प्रत्येकीचा माग काढू शकतात. बंगालात एकोणिसाव्या शतकात मानदासुंदरी नावाच्या बाईने वडिलांसाठी कांथा केला आणि त्यावर आपलं नाव शिवलं, म्हणून कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयातला तो कांथा आज तिच्या नावाने ओळखला जातो. आपल्या गोधड्यांवर मात्र नाव नसतं. माझ्या आजीने किती गोधड्या शिवल्या याचा हिशेब नाही, आणि ज्या दोन उरल्या आहेत त्यांतलं निळं ठिगळ कुणाच्या लुगड्याचं हे सांगणारं आता कुणी नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, रेशनकार्डावर 'ची पत्नी' म्हणून होतं. जिथे ते हक्काने असायला हवं होतं, तिथेही ते नाही.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती. यंदा सुट्टीला घरी जाल तेव्हा माळ्यावरची, ट्रंकेतली गोधडी खाली काढा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईजवळ बसा आणि विचारा, ही कुणी शिवली, कधी, यात कुणाकुणाचं कापड आहे. सांगतील ते लिहून घ्या. मग एक कापडाचा तुकडा घ्या, त्यावर शिवणारीचं नाव, गाव आणि जमलं तर साल टाका, आणि तो मागच्या बाजूला चार टाक्यांनी जोडून टाका. ज्या घरात गोधडी उरली नसेल त्यांनी जुन्या साड्यांची नवी घालावी. आमच्यातल्या तिघीचौघी शिकवायला तयार आहेत, आणि मुलांनी सुई हातात धरली तर आनंदच आहे.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात रांगोळीशेजारी आपण या गोधड्या मांडू. येताना आणाल ना?

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!